वाट आणि वाटा

वाळूवर बोंबलांचे बारा ढीग.

एक पाठमोरी मुलगी.

शस्त्रक्रियेच्या दोन वाटा: जुनी जांघेतून, नवी पोटाकडून.

थळचा किनारा, एकोणीसशे बासष्ट.

डॉक्टर रामचंद्र मासळी घ्यायला थांबला आणि तिथंच अडकला. मासळीचे वाटे पाडून होडीचा प्रमुख येसाजी तांडेल एकेका ढिगावर बोट ठेवून विचारत होता, "ह्यो कुनाचा?" पाठ फिरवलेली ती मुलगी एकेक नाव घेत होती.

"न बघता?" रामचंद्रनं विचारलं.

"बगितलं तर मोटा वाटा आपल्याच मानसाला जातो," ती मान न वळवता म्हणाली.

सोमवारी तीच दवाखान्यात नवी नर्स म्हणून हजर… केसर.

होड्या ओढून इथल्या माणसांना अंतर्गळ व्हायची, जांघेत आतडं उतरायचं. मिठागरावरच्या मजुरांतून शिकून डॉक्टर झालेला पहिला पोरगा रामचंद्र. नवी वाट सरस आहे, हे त्याला मुंबईच्या डॉक्टरांपुढं सिद्ध करायचं होतं. त्यानं ऐटीत शस्त्रक्रियांच्या नोंदींची वही पुढं केली.

केसरनं पानं चाळली. "नव्या वाटेला सगले तरणे, जुन्या वाटेला म्हातारे… डागतर, मोटा ढीग तुमीच उचललात की."

त्याचे कान तापले. चार महिन्यांची मेहनत वाया! पण बोलणं खरं होतं.

"मग तुम्हीच पाठ फिरवा," तो म्हणाला.

डब्यात बारा चिठ्ठ्या, सहा जुन्या, सहा नव्या; संपल्या की पुन्हा बारा. रोग्याला आधी सगळं सांगायचं, तो 'व्हय' म्हणाला की केसर खिडकीकडं तोंड करून चिठ्ठी काढायची. कधी तिच्या वेणीतली अबोली सरळ करावीशी वाटे… तो हात धुवायला वळे.

दोन वर्षांनी हिशेब लागला. अठ्ठेचाळीस रोगी, प्रत्येक वाटेला चोवीस; नव्या वाटेत तिघांची अंतर्गळ परतली, जुन्या वाटेत अकरा जणांची. गणित मांडून त्यानं पाहिलं: नुसत्या योगायोगानं एवढा फरक शंभरात पाच वेळाही पडला नसता.

वैद्यकाच्या मासिकात निबंधावर दोघांची नावं छापून आली. केसरनं आपल्या नावावरून बोट फिरवलं, मग म्हणाली, "डागतर, आता तुमी पाठ फिरवा."

तो वळला.

स्वतःवर बोट ठेवून तिनं विचारलं, "ही कुनाची?"

"माझी."

"चिठ्ठी न काडता?"

"इथं मी बघून निवडतोय," तो म्हणाला, आणि वळला.

दोन वर्षांपूर्वी पहिली चिठ्ठी केसरनं काढली तेव्हा टेबलावर तिचा बाप कोंडाजी होता, हे तिला ठाऊक होतं, आणि तरी चिठ्ठी न बदलता तिनं मोठ्यानं वाचलं होतं, "जुनी."