स्लोव्हेनियाला का यावं

टिर्झा आवासकर स्कारबरोतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. कुणी काही सांगितलं की आधी नमुना बघायचा आणि मगच मान डोलवायची, ही सवय तिची घरातही सुटत नसे. नवरा जोनाह लोकांच्या घरं तापवणाऱ्या फर्नेस दुरुस्त करायचा. आठ वर्षांच्या एलियानाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र इंग्लिशमध्येच यायचं. बाईचं बरं चाललं होतं.

२०१७च्या फेब्रुवारीत, शुक्रवारचे शब्बाथचे दिवे लावून तिघं जेवायला बसली होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा विषय निघाला. अलिबागला जायचं की इथेच कुठेतरी कॉटेज घ्यायचं, हा वाद दरवर्षीचाच. जोनाह माशाचा काटा काढत म्हणाला की यंदा स्लोव्हेनियाला जाऊ या. टिर्झाला हसूच फुटलं. ज्या आवास गावाचं नाव आडनावात मिरवतो, ते गाव या माणसाने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि निघाला स्लोव्हेनियाला! तिला तो देश नकाशात शोधावा लागला. इटलीच्या शेजारी, चिमूटभर.

त्याने कारणं सांगितली. हिरव्या पाण्याची नदी, तळ्यातल्या बेटावरचं चर्च, डोंगर असूनही गर्दी नाही. तिथली माणसं मधमाश्यांवर जीव टाकतात, त्यांच्या पेट्यांवर चित्रं रंगवतात. कुठल्याही ट्रॅव्हल साइटवर सापडावीत अशीच कारणं. बघू म्हणाली ती, आणि आमटी वाढली.

पण कारणं काही थांबेनात. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना एक, ग्रोसरीच्या रांगेत दुसरं. आणि हळूहळू ती साइटवरची राहिली नाहीत. तिथल्या घराचं दार जरा उचलून ढकलावं लागतं. माडीच्या खिडकीशी वाळत्या गवताचा वास येतो. थंडीत वासरू भिंतीला अंग घासतं, ते पलीकडे निजलेल्याला ऐकू येतं. हे कोण लिहील हो साइटवर? टिर्झाच्या मनात पाल चुकचुकली. पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि अशा वेळी कुठल्याही बायकोला पहिलं जे सुचतं तेच तिलाही सुचलं. दुसरी बाई.

तो वॉशरूममध्ये गेला तेव्हा तिने त्याचा फोन बघितला. लाज वाटली, पण बघितला. विंटर टायर्स, फर्नेसचे पार्ट, हॉकीचे स्कोअर. बाई नव्हती. स्लोव्हेनियाही नव्हता, तो शब्द जोनाहने एकदाही शोधला नव्हता. पासपोर्टात मुंबईखेरीज शिक्का नव्हता. बाई सापडली असती तर परवडलं असतं, असं तिला वाटलं. निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं.

मग एके दिवशी भांडी लावताना तो सहज बोलून गेला, "बर्फ पडायच्या आत आम्ही जनावरं खाली आणतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही," तो म्हणाला. तिचा प्रश्नच त्याला कळला नव्हता.

लग्न झाल्यापासून या घरात 'आपण' होतं. आपण घर घेऊ, आपण जेवून घेऊ. 'आम्ही' म्हणजे ती सोडून. आणि तेव्हाच तिच्या ध्यानात आलं की सुरुवातीला 'जाऊ या' म्हणणारा हा माणूस हल्ली 'तू ये' म्हणत होता.

त्या आठवड्यात त्याच्या कॉलरला पिवळी भुकटी दिसली. हळद म्हणावी, तर हळदीचा वास नाही. टिर्झाने ती चिकटपट्टीवर घेतली आणि लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली धरली. परागकण होते. ताजे, टपोरे. बाहेर उणे अठरा, आणि अख्ख्या स्कारबरोत फूल सोडा, गवताचं पातं उघडं नव्हतं. तिने स्लाइड फेकून दिली आणि हात दोनदा धुतले.

विचारलं तर जोनाह म्हणाला, बेसमेंटमध्ये होतो, तिथली धूळ असेल. हल्ली तो बेसमेंटमध्ये फार असायचा. टिर्झाने खाली जाऊन कोपरा न् कोपरा धुंडाळला. फर्नेस, सुटकेसेस, एलियानाची जुनी सायकल. बाकी काही नाही. पण वर आल्यावर एलियाना लाडाने म्हणाली, "डॅड टेक्स मी टू."

कुठे, हे काही तिने सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी.

टिर्झा घाबरली, मनापासून घाबरली. नवऱ्याचं काय व्हायचं ते होवो, पोरीला यातून बाहेर काढायचं. विंडसरला बहीण होती, तिच्याकडे जायचं. रविवारी ती शिफ्ट अर्धी टाकून दुपारीच घरी आली.

घरात कुणी नव्हतं. बेसमेंटचं दार किलकिलं होतं.

खाली दिवा लावलेला नव्हता. तरी जिन्यावर ऊन पडलं होतं, खालून वर आलेलं, आणि त्याला कापलेल्या गवताचा वास होता.

"एलियाना!"

हसण्याचा आवाज थांबला. मग पावलं चढू लागली. एवढासा जिना, पण पावलं कितीतरी वेळ चढतच होती.

दोघं वर आली. उन्हाने दोघांचे गाल रापले होते. जोनाहने मागे वळून बेसमेंटचं दार लावून घेतलं.

"जॅकेट घाल," टिर्झा एलियानाला म्हणाली. "आपण मावशीकडे जातोय. आत्ता."

एलियानाने आधी बापाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "तुम्ही बसा ना."

तुम्ही हा शब्द या पोरीला कुणी शिकवलाच नव्हता.

"एलियाना, अगं मी. आई."

पोर हसली. ओळख नसली तरी वागायला शिकवलेली मुलं हसतात, तशी.

"या ना कधीतरी आमच्याकडे," ती म्हणाली. "उन्हाळ्यात या. छान असतं."

टिर्झाने जोनाहकडे पाहिलं. तो स्वयंपाकघरात गेला होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा पेला होता, खाली बशी धरलेली. त्याने तो अदबीने तिच्यापुढे केला आणि लांबून आलात का, म्हणून विचारलं.