पाण्यातला डोळा

डोळे मिटा बरं क्षणभर, आणि माझ्याबरोबर गुंजवण्याला चला. भाताची खाचरं काठोकाठ भरली आहेत. राजगडाचा माथा सकाळपासून ढगात आहे. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराची एक खोली, आणि आत टेबलावर एक जुना कॉम्प्युटर. त्याच्या पडद्यावर धरणाचं चित्र आहे... वर डोंगर, हिरवीगार कड, आणि खाली, जिथं पाणी असायला हवं, तिथं नुसत्या करड्या पट्ट्या. त्या पट्ट्यांच्या मधोमध एक डोळा. माणसाचा. काजळ घातलेला. तो तुमच्याकडेच बघतोय.

उघडा आता डोळे. दचकलात ना? सोनियाही दचकली होती.

ती खोली सोनियाची. गावातल्या लोकांचे दाखले, सातबारे, शिष्यवृत्तीचे अर्ज ती तिथं भरून द्यायची, आणि गडावर येणाऱ्या ट्रेकर लोकांना तंबू भाड्यानं द्यायची. प्रद्युम्न पहिल्यांदा आला तेव्हा तिला वाटलं, हाही त्यांतलाच. पाठीवर सॅक, अंगावरून पाणी निथळतंय. तिनं मान वर न करताच सांगून टाकलं, "तंबू शिल्लक न्हाईत. शाळेच्या व्हरांड्यात झोपा."

"झोपतो की," तो म्हणाला. "पण आधी तुमचा प्रिंटर बघतो. भोरहून त्याच्यासाठीच आलोय."

तिनं मान वर केली, आणि ती खाली घालायची मग बराच वेळ राहूनच गेली.

त्यानंतर प्रिंटर सारखा बिघडू लागला. कधी कागद अडकायचा, कधी शाई सुकायची. प्रद्युम्न मोटारसायकलवरून भिजत यायचा, प्रिंटर उघडायचा, आणि दोन मिनिटांचं काम चहा थंड होईपर्यंत पुरवायचा. शेजारचे गेनबा म्हशी घेऊन जाताना दारात थांबायचे.

"पोरी, कागद आपसूक अडकतोय, का तूच अडकवतीस?"

"आबा, म्हशी पुढं गेल्या तुमच्या."

"जाऊ दे की. त्यांना वाट ठावं हाय. ह्या भोरवाल्यालाबी आता झाली म्हणा."

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि भाद्रपदात तो डोळा आला.

ट्रेकर लोकांची एक साइट होती. पाऊस किती पडला, धरण किती भरलं, ते तिथं कळायचं, म्हणून सोनिया ती रोज उघडायची. त्या साइटवरचं धरणाचं चित्र अचानक अर्धंच येऊ लागलं. खालच्या अर्ध्या भागात करड्या पट्ट्या, आणि पट्ट्यांत काहीबाही तुकडे. एकदा अर्धा कान, एकदा उलटी अक्षरं, एकदा नुसती बोटं. पण डोळा पुन्हा पुन्हा यायचा. उत्पन्नाचा दाखला न्यायला आलेल्या सखूबाईंनी तो पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

"जुनी वस्ती धरणाखाली गेली, बाई. तिथलं कुणीतरी वर बघतंय."

कोपऱ्यात गृहपाठ करणारी कार्तिकी उठून आली. दुसरीतली पोर. पडद्यापुढं उभी राहिली, आणि डोळ्याखालच्या बारीक तिळावर तिनं बोट ठेवलं.

"आई," ती म्हणाली.

कार्तिकी ही सोनियाच्या बहिणीची, मंगलताईची मुलगी. मंगलताई आदल्या वर्षी काविळीनं गेली, तेव्हापासून कार्तिकी मावशीकडे होती. पोरीसमोर आईचा विषय कुणी काढायचा नाही, असं घरात न बोलता ठरलं होतं. भिंतीवरचे फोटोसुद्धा काढून ठेवले होते.

एका दुपारी शाळा सुटली, तरी कार्तिकी आली नाही. सोनिया शोधायला निघणार, तोच गेनबा तिला हाताला धरून घेऊन आले. गुडघ्यापर्यंत चिखल, ओठ निळे.

"धरणाच्या कडंला व्हती," गेनबा हळू आवाजात म्हणाले. "पाण्याकडं बघून हाका मारत व्हती. म्या म्हशी घेऊन गेलो म्हणून गावली."

सोनिया खाली बसली. "कशाला गेलीस गं तिथं?"

"आईला नदीत सोडलं ना आपण? आजी तसंच म्हणली होती, नदीत सोडून आलो. आता ती वर यायला लागलीय." कार्तिकी अगदी शांतपणे सांगत होती. "मी कडंनं हाक मारली, तिला ऐकू न्हाई गेलं. उद्या थोडी आत जाऊन मारते."

छपरावर पाऊस वाजत होता. संध्याकाळी तिनं भोरला फोन लावला. "सकाळी याल? ह्या वेळी प्रिंटर न्हाई," एवढंच म्हणाली. तिचा आवाज ऐकून प्रद्युम्ननं थट्टा केली नाही.

सकाळी सोनियानं कार्तिकीला स्वतः शाळेत पोचवलं, आणि बाईंना बजावलं, मी येईपर्यंत हिला सोडू नका. परत येऊन तिनं कॉम्प्युटर लावला. थोड्या वेळानं प्रद्युम्न आला. त्यानं साइट उघडली. पट्ट्यांतून तो काजळभरला डोळा वर आला, आणि प्रद्युम्नचाही हात माउसवर थांबला. त्यानं पान पुन्हा उघडलं. या वेळी डोळा नव्हता. करड्या पट्टीवर अर्धवट कापलेली एक ओळ होती.

प्रिंटर बरा आहे, तरी या...

सोनियानं घाईनं पडद्यापुढं हात धरला.

"हे तुम्ही लिहिलंय?" प्रद्युम्ननं विचारलं.

"काल रात्रीच लिहिणार होते... न्हाई, आज सकाळी. तुमी निघालात का बघावं म्हणून ह्याच्यावरच मेसेज उघडला, आणि... पण पुसलं होतं मी. पाठवलंच न्हाई."

"मग हे भूत नाही," प्रद्युम्न म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "हा ब्राउझर फार जुना आहे. कित्येक वर्षांत ह्याला कुणी अपडेट केलेलं नाही. असं बघा, चित्र येताना म्हणतं, मला एवढं मोठं ताट द्या. ब्राउझर देतो. पण चित्राची फाइल मोडकी आहे, अर्धंच ताट भरतं. चांगला ब्राउझर ताट आधी धुऊन घेतो. हा धूतच नाही. आधीच्या माणसाचं खरकटं तसंच पुढं करतो."

"म्हणजे हे आमचंच खरकटं?"

"तुम्ही ह्यावर आज जे बघितलंत, लिहिलंत, त्याचे तुकडे. आपल्याला दिसतात तोवर एक वेळ ठीक. पण एखादी लबाड साइट असली, तर ती ते ताट परत मागून घेते आणि काय काय लागलंय ते वाचते. गावाची आधार कार्डं, बँकेचे नंबर, सगळं."

"आणि तो डोळा?"

"ते तुम्हीच सांगा. सकाळी आल्या आल्या काय उघडता?"

ती उठून खिडकीपाशी गेली. पाण्यावर धुकं उतरलं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता.

"ताईचा फोटो," ती म्हणाली. "कार्तिकीला सोडून आले की... थोडा वेळ बघते. मग बंद करते. कुणाला ठाऊक न्हाई."

"तीच येते."

"तुमी हे नीट केलं, की ती यायची बंद व्हईल."

"पाण्यात यायची बंद होईल, सोनिया." त्यानं तिला पहिल्यांदाच नुसत्या नावानं हाक मारली. "फोटोत ती आहेच."

तिनं मान हलवली. त्या जुन्या कॉम्प्युटरवर नवा ब्राउझर बसेना, म्हणून आतलं सगळंच बदलावं लागलं. प्रद्युम्ननं आधी फोटो जपून बाजूला काढले. पडद्यावर निळी रेघ सावकाश पुढं सरकत होती.

"ते मघाचं..." तो रेघेकडे बघत म्हणाला. "तरी या. तेही धुऊन टाकायचं?"

"ते खरकटं न्हाई," सोनिया म्हणाली. "ते तुमच्यासाठीच वाढलं होतं... द्यायचा धीर झाला न्हाई, एवढंच."

तो हसला, आणि समोरच्या टपरीवर चहा आणायला निघून गेला. छत्री तिथंच राहिली.

दुपारी काम संपवून, फोटो जागेवर ठेवून प्रद्युम्न पुन्हा टपरीकडे गेला, याही वेळी छत्री विसरून; तेवढ्यात शाळा सुटली आणि सोनिया कार्तिकीला घेऊन आली. कार्तिकी सरळ पडद्यापुढं गेली. वर डोंगर होता. खाली स्वच्छ, पांढरी, रिकामी जागा.

"आई गेली?" तिनं विचारलं, आणि ती धरणाच्या बाजूच्या दाराकडे वळली.

"हिकडं ये." सोनियानं फोटो उघडला. "ही बघ तुझी आई. अख्खी."

मंगलताई खळ्यात उभी होती. वाऱ्यानं केस उडत होते, ती ते एका हातानं आवरत होती आणि हसत होती. कार्तिकी जवळ आली. तिनं पडद्यावरच्या केसांवरून बोट फिरवलं, आणि मग ते बोट निरखून बघितलं.

"ही ओली न्हाई."

"न्हाई. ती पाण्यात कधी नव्हतीच, बाळा. नदीत आपण नुसती राख सोडली. आई आजारानं गेली, आणि ती आता परत येणार न्हाई."

कार्तिकी रडली नाही. ती फोटोकडेच बघत होती. तेवढ्यात दार ढकलून प्रद्युम्न आत आला. हातात चहाची किटली, आणि केसांतून पाणी गळत होतं. कार्तिकीनं त्याच्याकडे बघितलं, मग खाली बसून दप्तर उघडलं. पुस्तकांच्या तळाशी हात घालून नीट घडी केलेला एक टॉवेल तिनं बाहेर काढला.

"हा आईसाठी घेतला होता," ती म्हणाली. "वर आल्यावर अंग पुसायला."

मग ती स्टुलावर चढली आणि प्रद्युम्नचं डोकं खसाखसा पुसायला लागली.