उसना हात

आरोग्य उपकेंद्राच्या बाकावर बसलेल्या बायकांपैकी एकीनेही डॉक्टर रशीदा शिकलगारांना ओळखलं नाही. त्याचं त्यांना आधी बरं वाटलं आणि अर्ध्या मिनिटात वाईट वाटलं.

"काय वो, नव्या हायसा? कुणाचं पोट दुखतंय?" शेजारच्या बाईने विचारलं. तिच्या मांडीवर तान्हं मूल होतं.

"माझंच."

"मग मोठ्यांच्या डॉक्टरकडं जावा की. हितं बारक्या पोरांचं बघत्यात. रेखाताईंच्या हाताला लई गुण हाय बघा."

"त्यांच्या हाताला?"

"मग कुणाच्या?"

याच प्रश्नासाठी तर रशीदाबाई मिरजेहून दीड तासाची एसटी धरून या गावी आल्या होत्या.

चाळीस वर्षं त्यांनी लहान मुलांची पोटं तपासली होती. दूध न पचणारी मुलं, गव्हाच्या पोळीने पोट फुगणारी मुलं, आठ-आठ दिवस संडासला न जाणारी, गुडघे पोटाशी घेऊन कळवळणारी. कर्नाटकच्या सीमेपलीकडच्या गावांतून आया पहाटेची गाडी धरून येत. रशीदाबाई आधी बोटं एकमेकांवर घासून गरम करत, मग पोटावर ठेवून वर दुसऱ्या बोटाने हलकी टिचकी देत आणि कान देऊन ऐकत. हे ऐकणं कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. अब्बा सतारी बनवायचे. सतारींसाठी भीमेकाठचे वाळलेले भोपळे बैलगाडीने यायचे, तेव्हा सात वर्षांची रशीदा त्यांच्या शेजारी उकिडवी बसून एकेक भोपळा वाजवून बघायची. कोणता भरीव, कोणता आतून किडलेला, कोणता गाणारा, हे तिच्या बोटांना अक्षरओळखीच्या आधीच कळू लागलं होतं.

पाच वर्षांपूर्वी पुण्याची तरुण मंडळी एक हातमोजा घेऊन त्यांच्याकडे आली. सायीसारखा पातळ, दुधी रंगाचा. त्यात तिळाहून बारीक दाबकण होते. बोट किती दाबलं, किती वेळ थांबलं, कुठे वळलं, सगळं ते टिपून घ्यायचे. तो घालून रशीदाबाईंनी दीड वर्षात चार हजार मुलं तपासली. आता तोच मोजा दुसऱ्या कुणी घातला, की तेच कण बोटांना हलके कंप देत: इथे थांब, इथे दाब, आता वर ये. मनगटावरच्या पट्टीवर निदान उमटे. नाव ठेवलं होतं 'स्पर्शमोजा'. तीनशे गावांत तीनशे नर्सा तो घालत होत्या.

म्हणजे तीनशे गावांत रशीदाबाईंचा हात फिरत होता, तोही त्रेसष्टाव्या वर्षीचा. खरा हात आता अडुसष्ट वर्षांचा होता. त्याला बरणीचं झाकण उघडत नव्हतं आणि त्यांच्या दवाखान्यात दिवसाला चार मुलंही येत नव्हती.

पर्समध्ये मोज्यांत आपला हात वापरू देण्याचं संमतिपत्र होतं. पाच वर्षांची मुदत शुक्रवारी संपत होती. सही केली तर मोजे चालू राहणार, नाही केली तर तीनशेही मुके होणार. नुसतं नाही म्हणायला त्यांचं मन धजत नव्हतं. कारण हवं होतं, चारचौघांत सांगता येईल असं. मोज्याची एक चूक, बस्स. मोजा घालणाऱ्या नर्सांत रेखा कोळेकरचं नाव सगळ्यांत जास्त गाजत होतं, म्हणून त्या तिच्याच केंद्रावर आल्या होत्या.

"अगं बाई! मॅडम, तुम्ही?" रेखा दारात आली आणि थबकलीच. तिशीची, काटक, कपाळावर गोंदण. "बाकावर काय बसलाय? आत या. कळवलं असतं तर चहा तरी…"

"चहा नको. तू काम कर. मी नुसती बघते."

परीक्षकासमोर बसल्यासारखी रेखा कामाला लागली. एका आजीने पाच वर्षांच्या नातवाला टेबलावर निजवलं. "दोन म्हयने हगवण लागलीया. चड्डी भरतीया सारखी. डाळिंबाची साल दिली, जायफळ दिलं, थांबंना."

मोजा पोटावरून फिरला. "आजी, ही हगवण नव्हे," रेखा पट्टी बघत म्हणाली. "आत घट्ट खडा साठलाय. त्याच्या कडेकडेनं पातळ येतं. तुम्ही थांबवायचं औषध देताय आणि खडा वाढतोय."

वाक्य रशीदाबाईंचं होतं, शब्दन् शब्द. 'कडेकडेनं' सुद्धा.

तपासणी संपली, तरी रेखाने हात लगेच उचलला नाही. पंजा बेंबीवर सपाट ठेवला आणि क्षणभर तशीच राहिली. पोरगं एकदम निवांत झालं आणि छताकडे बघत म्हणालं, "शाळंतल्या संडासला कडी न्हाई. पोरं दार ढकलत्यात."

"म्हणून जात नाहीस व्हय रे?" रेखा म्हणाली. "गुरुजींना सांगते मी आजच."

"शेवटी हात कशाला ठेवलास?" रशीदाबाईंनी विचारलं.

"मोजाच सांगतो, मॅडम. सगळं झालं, की 'हात ठेव' असा कंप येतो. पुण्याच्या साहेबांनाही कारण ठाऊक नाही. पण पोरं तेव्हाच बोलती होतात."

कारण रशीदाबाईंना ठाऊक होतं. अब्बा म्हणायचे, "बेटा, वाजवलेल्या भोपळ्यावर हात ठेवावा. त्याचं आतलं बोलणं निवू द्यावं, मगच उचलावा." इतकी वर्षं आपण हे करतो, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मोज्याने तेवढंही सोडलं नव्हतं. अब्बासुद्धा उचलून नेले होते आणि ही पोरगी ते रोज चाळीस वेळा वापरत होती.

त्यांनी पर्स घट्ट धरली. सही नाही. कारण मिळो न मिळो.

मग सात वर्षांची अश्विनी आली. हाडं वर आलेली, डोळे मोठे. आई सांगत होती, "चार म्हयने झालं. खाईत न्हाई. पोट दुखतंय म्हणती. दिवस मावळला की अंग कोमट लागतंय."

मोजा फिरला. डावीकडे थांबला, दाबला, वर गेला. उजव्या कुशीच्या खालच्या बाजूला मात्र पाटावरून फडकं फिरावं तसा सरकन निघून गेला. पट्टीवर अक्षरं आली: साधं बद्धकोष्ठ.

चूक सापडली! रशीदाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. तोंड उघडणार, एवढ्यात रेखाने मोजा उतरवला. हात धुतले, एकमेकांवर घासून गरम केले आणि उघड्या बोटांनी त्याच जागी, सावकाश, खोल दाबलं. डोळे मिटून.

"मॅडम, जरा बघता?"

रशीदाबाईंनी मनगट कष्टाने वळवून हात ठेवला. मळलेल्या कणकेसारखी, लिंबाएवढी गाठ लागली. "आतड्याचा क्षय असू शकतो," त्या पोरीच्या आईला म्हणाल्या. "घाबरू नका, बरा होतो. पण उद्याच मिरजेला न्या. सोनोग्राफी आणि पुढच्या तपासण्या करून घ्या." आई चिठ्ठी घेऊन गेल्यावर त्या वळल्या. आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही. "चुकला की नाही तुझा मोजा?"

"चूक नव्हे, मॅडम. सवय आहे त्याची. उजवीकडं खाली तो नेहमीच घाई करतो. म्हणून मी तिथं मोजा काढून बघते. अशी सापडलेली ही तिसरी पोर."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस?"

रेखा खाली बघत म्हणाली, "हात तुमचा. मला वाटलं, तुमच्या पद्धतीतच काही असेल. तुम्हाला कुठल्या तोंडानं विचारायचं?"

रशीदाबाईंचा उजवा अंगठा ठणकू लागला. मोजा घालून तपासायच्या त्या दीड वर्षात त्याच्या बुडाशी सांधेदुखी सुरू झाली होती. उजव्या कुशीत खोल दाबायचं, तर मनगट वळवावं लागे आणि डोळ्यांत पाणी येई. वय झालं म्हणतील, मोजा दुसऱ्या कुणाच्या हातावर चढवतील, या धास्तीने त्यांनी ते लपवलं. ती जागा त्या नुसती शिवून पुढे जाऊ लागल्या. पहिल्यांदा कधीतरी, मग रोज. मोजा त्यांच्याकडून सगळं शिकला होता, हेही.

रेखाला तिघी सापडल्या. बाकीच्या दोनशे नव्याण्णव गावांत मोजा कोण उतरवत असेल?

गप्प राहणं सोपं होतं. सही करायची नाही, मोजे बंद, नाव शाबूत. आणि ही पोरगी, जिच्या बोटांना आता स्वतःचे कान फुटले होते, ती या उपकेंद्रातच राहिली असती. तो विचार त्यांना किती गोड लागला, याचीच त्यांना भीती वाटली.

त्यांनी टेबलावरचा फोन ओढून पुण्याला लावला आणि सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. "आजच सगळ्या केंद्रांना कळवा. उजवी बाजू उघड्या हाताने बघा म्हणावं, आणि आधीची पोटदुखीची पोरं परत बोलवा." मग संमतिपत्र काढून सही केली. अक्षर वाकडं आलं. खाली लिहिलं: उजवी बाजू पुन्हा शिकवावी. शिकवणारा हात: रेखा कोळेकर.

रेखाने कागद वाचला. खूश होईल असं वाटलं होतं. ती आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"मॅडम, मोज्याला माझा हात कळला, की मग माझ्यापाशी काय राहील?"

पाच वर्षं रशीदाबाई याचंच उत्तर शोधत होत्या. त्यांनी आपला वाकडा पंजा रेखाच्या हातावर सपाट ठेवला आणि आतलं बोलणं निवतंय का, ते बघत थांबल्या.