धुक्यात लावलेलं दार

सकाळी साडेनऊच्या फेरीला, दाट धुक्यात, बोट खाडीच्या मधोमध असताना कप्तानाने हात लांब करून केबिनचं दार ओढलं.

घडलं ते एवढंच.

एक दार... आणि त्यानंतर त्याच्या तोंडून निसटलेलं एक वाक्य.

ही घटना खरी आहे. ज्याच्यावर गुदरली त्याने ती स्वतः सांगितली. त्या फेरीवरच्या दोन खलाशांना वेगवेगळं गाठून विचारलं, तर त्यांच्याही सांगण्यात फरक पडला नाही. पदरचं काही घातलेलं नाही. जिथे कारण कळलं नाही, तिथे ते कळलं नाही असंच लिहिलं आहे.

ज्याच्यावर गुदरली तो बोटीवरचा दुसरा अधिकारी. कप्तानाच्या लगेच खालचा. सगळे त्याला मेट म्हणत. गाड्या आणि माणसं या काठावरून त्या काठावर नेणारी फेरीबोट. गाड्या ओळीत लावून घ्यायच्या, चाकांना अडण्या घालायच्या, साखळी ओढायची, वर येऊन सगळं ठीक म्हणून कप्तानाला अंगठा दाखवायचा. दिवसभर हेच. पाण्यावरची नोकरी, पण धोपटमार्गाची.

खरं पाणी त्याला सुट्टीच्या दिवशी भेटायचं.

त्याच्याकडे एक शिडाची होडी होती. जुनी, कप्तानाने दिलेली. नुसती होडीच नाही, मेटला बोटीवर लावलं कप्तानाने, परीक्षेला बसवलं कप्तानाने, शीड कसं धरायचं तेही शिकवलं कप्तानानेच. मेटला आणि त्याच्या धाकट्या भावाला, दोघांनाही. बाप लवकर गेलेला. ती जागा या माणसाने कधी भरली, ते भावांनाही कळलं नव्हतं.

धाकटा विजेची कामं करायचा. दारातून वाकून यावं लागेल इतका उंच, पण घरात धाकटा म्हणून सगळे त्याला बारक्याच म्हणत.

या बारक्याचा एक खेळ होता.

होडीत एक पितळी कर्णा असायचा. तोंडाने फुंकायचा. धुक्यात शिडाच्या होडीने इशारा द्यायचा तो एक लांब आणि दोन आखूड. म्हणजे, मी इथे आहे, मला सांभाळून जा. बारक्या तो लख्ख उन्हातही द्यायचा. समोरून फेरीबोट दिसली की फुंकलाच. आणि केबिनमधून कप्तान मोठा भोंगा वाजवून उत्तर द्यायचा. डेकवरची माणसं दचकायची.

"साहेब, कुणाच्या तरी हातातला चहा सांडेल एक दिवस," मेट म्हणायचा.

"सांडू दे. बारक्याला उत्तर दिलं नाही तर रविवारी माझ्याच घरी जेवेल आणि मलाच टोमणे मारेल."

उत्तर कधी चुकलं नाही.

एकदाच चुकलं.

ती त्या फेरीच्या वर्षभर आधीची सकाळ. बारक्याला सुट्टी होती, मेटला नव्हती. मेटने कामावर जाता जाता धक्क्यावरून त्याला सामान दिलं. पाण्याची बाटली, दोर, कर्णा. कर्णा देताना हात निसटला. दगडावर आपटला. तोंडाला पोचा आला, आतली पत्ती हलली.

बारक्याने फुंकून पाहिला. लांब सूर ठीक आला. पहिला आखूड ठीक आला. शेवटचा मात्र मध्येच फाटला... घसा बसलेल्या माणसाच्या हाकेसारखा.

"दादा, हा तर तुझ्यासारखा गायला लागला!"

"गप रे. नवा आणू उद्या."

"चालतोय की. जा तू, नाहीतर साहेब ओरडतील."

भावाचा ऐकलेला शेवटचा शब्द हा.

तासाभरात धुकं उतरलं.

धुक्यात या बोटीवर पाळायचा नियम साधा आहे. केबिनचं दार उघडं ठेवायचं आणि मेटने बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, उभं राहून कान द्यायचा. रडारवर लाकडी होडी दिसेलच असं नाही. तिथे कानच डोळे.

मेट नाळेवर उभा होता. इतक्यात खाली एका गाडीचा अलार्म बोंबलायला लागला. कप्तानाने वरून हाक मारली, "मेट, बघ रे ते काय कोकलतंय!" तो खाली गेला. गाडीचा मालक सापडेपर्यंत, चावी सापडेपर्यंत वेळ गेला. कानाला दडे बसले. परत वर आला तेव्हा केबिनचं दार बंद होतं.

"गारवा आत येत होता," कप्तान म्हणाला आणि त्याने दार पुन्हा उघडलं.

बारक्या परत आला नाही.

होडी मिळाली नाही. शीड नाही, फळी नाही. काहीच नाही.

चौकशी झाली. कप्तान म्हणाला, "कसलाही इशारा ऐकला नाही. दार सताड उघडं होतं." अधिकाऱ्याने मेटकडे पाहिलं. "दार उघडं होतं?"

बापाच्या जागी असलेल्या माणसाबद्दल विचारत होते.

"हो," मेट म्हणाला.

प्रकरण मिटलं. होडीवाल्याने धुक्यात इशारा दिला नाही, चूक त्याची. बारक्याच्या बायकोला हेच सांगण्यात आलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, उन्हातसुद्धा फुंकायचे ते. धुक्यातच कसे विसरले?"

मेटकडे उत्तर होतं, पण सांगायची हिंमत नव्हती. त्याला वाटत होतं, कर्णा बिघडला आणि तो आपल्या हातून. ऐन वेळी वाजलाच नसेल. पोचा आल्याचं त्याने कुणालाही सांगितलं नाही. भावजयीला नाही, आईला नाही. कप्तानालाही नाही. हे इथे नीट लक्षात ठेवायला हवं.

वर्षभर तो हे ओझं घेऊन त्याच बोटीवर चढत राहिला. कप्तान रविवारी जेवायला बोलवत राहिला. ताटं एकाने कमी झाली होती, इतकंच.

आणि मग ती साडेनऊची फेरी.

अर्ध्या वाटेत धुकं आलं. काठ गेला. पाणी गेलं. नाळेवरचा झेंडाही दिसेना. बारक्या गेला त्या दिवसापासून मेट नाळेऐवजी केबिनच्या उघड्या दारातच उभा राहून कान द्यायचा. दार डोळ्यांसमोर असलेलं बरं वाटायचं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बोटीचा भोंगा ठरल्या वेळाने वाजत होता. बाकी सगळं शांत.

जरा जास्तच शांत...

खाली डेकवर एका गाडीत कुत्रा होता. बोट सुटल्यापासून भुंकून त्याने डोकं उठवलं होतं. तो अचानक गप्प झाला. काचेतून उजवीकडे बघायला लागला. कान ताठ.

उजवीकडे नुसतं पांढरं होतं.

"दार लाव," कप्तान म्हणाला.

"साहेब?"

"दार लाव म्हणतो ना."

"धुकं आहे, साहेब. दार उघडं ठेवायचं..."

"नियम मला शिकवतोस?"

आवाज कप्तानाचा नव्हता. घाबरलेल्या माणसाचा होता. सुकाणूवरचा एक हात सोडून त्याने मेटच्या पाठीमागून दार ओढलं. लागलं नाही, मध्ये मेटचा खांदा होता.

"ऐकू येत नाही का तुला? एवढ्या जवळ आलाय!"

मेटने कान दिला. इंजिन. पाणी. आणखी काही नाही.

"काय ऐकू येत नाही, साहेब?"

कप्तान समोर बघत होता. ओठ हलत होते. एक लांब... एक आखूड...

"हा बघ. शेवटचा पुन्हा फाटला."

मेटच्या पायाखालची जमीन सरकली. बोटीवर जमीन नसते, पण तो आजही हेच शब्द वापरतो.

त्याने खाली पाहिलं. गाडीतला कुत्रा मान फिरवत होता. हळूहळू. उजवीकडून पुढे... मग बाजूला... मग मागे. बोटीला अगदी खेटून काहीतरी मागे जावं आणि आपण त्याच्याकडे बघत राहावं, तसा.

पाठोपाठ धुक्यातून एक लाट आली. छोटी, तिरकी. होडी जवळून गेली की मागे उठते तशी. बोटीच्या अंगावर एकदा चापटी मारल्यासारखी वाजली. ती दोन्ही खलाशांनी ऐकली. होडी कुणालाच दिसली नाही.

कुत्रा पुन्हा भुंकायला लागला.

पलीकडचा काठ लागला. गाड्या उतरल्या. मेट केबिनमध्ये परत आला आणि त्याने दार लावलं. आतून.

"त्याचा कर्णा फाटका वाजायचा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणाचा? काय बरळतोयस?"

"शेवटचा सूर. पुन्हा फाटला म्हणालात."

"तूच कधीतरी बोलला असशील."

"मी कुणालाही बोललो नाही. लाज वाटत होती. त्या सकाळी तो माझ्या हातून पडला, साहेब. तोवर तो धड वाजत होता. फाटलेला आवाज त्याने मला एकदा ऐकवला. त्यानंतर ऐकायला तिथे एकच माणूस असू शकतो."

कप्तानाने टोपी काढून मांडीवर ठेवली. तिची कड चाचपत बसला.

"आधीच उशीर झाला होता," शेवटी म्हणाला. "बोट थांबवली असती तर भरतीची वेळ गेली असती. मला वाटलं नेहमीसारखा खेळतोय. वळेल आपला आपण."

"आणि दार?"

कप्तान टोपी फिरवत राहिला.

"खेळत होता तर दार कशाला लावलंत?"

याचं उत्तर त्याने तेव्हा दिलं नाही. पुढेही कधी दिलं नाही.

मेट चौकशी अधिकाऱ्याकडे गेला. तिथे कप्तान म्हणाला, असं काही बोलणं झालंच नाही. अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "दार उघडं होतं, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"  केसाने गळा कापला होता, आणि केस त्याचाच वापरला होता.

तिथून तो भावजयीकडे गेला. पोचा, कर्णा, दार, सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे त्यांनी फुंकला होता."

"हो."

"किती वेळा?"



कप्तानाने त्या महिन्यात नोकरी सोडली. बायकोला घेऊन डोंगराकडे राहायला गेला. तिथून समुद्र काय, तळंसुद्धा जवळ नाही. फेरीबोटीवर आता मेटच कप्तान आहे. पहिल्या दिवशी त्याने एकच काम केलं. केबिनचं ते दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. थंडीत हात गोठतात. खलाशी कुरकुरतात. दार बसवलेलं नाही.

धुकं पडलं की तो आजही कान देतो. दर वेळी स्वतः भोंगा वाजवतो आणि नंतर थांबतो.

काही येत नाही.

एकदाही आलेलं नाही. "जीव लावला मी, कर्णा दिला मी... आणि हाक मारायला तो जातो साहेबांकडे." हे तो हसून सांगतो. हसणं डोळ्यांपर्यंत पोचत नाही.

गेल्या आठवड्यात त्याला फोन आला. कप्तानाच्या बायकोचा. तिने जन्मात बोटीवर पाय ठेवलेला नाही, पाण्याची भीती वाटते म्हणून. वर्षानुवर्षं या भावांना जेवायला वाढणारी बाई. आवाज दबका होता.

"हे हल्ली पहाट झाली की उठून सगळी दारं लावत फिरतात. खिडक्यासुद्धा. मी म्हटलं, वय झालं, होतं असं. पण एक विचारू? चिडू नकोस."

"विचारा, काकू."

"एक लांब आणि दोन आखूड. याचा अर्थ काय होतो रे?"

त्याने सांगितला.

 पलीकडे कुठेतरी एक दार लागल्याचा आवाज आला. मग आणखी एक.

"काकू, हे तुम्हाला त्यांनी सांगितलं?"

"नाही रे," ती म्हणाली. "ते तर काही बोलतच नाहीत. आज मलाच ऐकू आलं. अंगणातून."