बाविसावं पान

इंग्लंडमधल्या श्रूजबरीतलं घर आम्ही मिसेस वॉर्नर यांच्याकडून घेतलं. त्यांचं वय एक्याण्णव. किल्ल्या देताना त्यांनी एकच मागणं केलं: मागच्या अंगणातलं पेअरचं झाड तोडू नका. मी शब्द दिला. त्यावर त्यांनी मला त्यांच्या पणजोबांची वही दिली. पणजोबा नर्सरीची रोपं दारोदार विकत. फळ कसं येईल हे गिऱ्हाइकाला दाखवायला वहीत चित्रं होती, साचा ठेवून हाताने रंगवलेली. बाविसाव्या पानावर आमचंच झाड. एका फांदीला दोन पेअर, गालांवर लाली.

एप्रिलमध्ये आम्ही झाड तोडलं.

"मागे बसायला लाकडी डेक घालायचाय, त्याच्या मधे येतंय यार," माझी बायको गिरिजा म्हणाली होती. "त्या तिकडे केअर होममध्ये. त्यांना कळणारे कसं?"

मी वीस वर्षं पुण्यात वार्ताहर होतो. खातरजमा न करता एक ओळ दिली नाही. तरी सप्टेंबरात मिसेस वॉर्नर यांनी फोनवर विचारलं, "लागली का फळं?" तेव्हा मी म्हणालो, "हो, भरपूर."

"मग मला एक आणा."

रविवारी दुकानातलं पेअर घेऊन गेलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या. पुढ्यातल्या बशीत देठ आणि चार बिया.

"कालच मिळालं," त्या म्हणाल्या. "तीच चव. झाड राखलंत, बरं केलंत."

खरं सांगायला तोंड उघडलं. त्यांच्या ओठाच्या कडेला लाल डाग होता. नर्स ओल्या फडक्याने पुसत होती. निघत नव्हता.

मी पिशवी पाठीमागे धरली. "आवडलं ना?" एवढंच म्हणालो.

घरी येऊन बाविसावं पान उघडलं. फांदीला एकच पेअर. दुसऱ्याच्या जागी कोरा, स्वच्छ कागद.

वही कपाटात ठेवून कुलूप लावलं.

गुरुवारी केअर होममधून कळलं, मिसेस वॉर्नर पहाटे झोपेतच गेल्या.

शनिवारी गिरिजा किचनमधून ओरडली, "हे पेअर कुठून आणलंस रे? काउंटरवर होतं. सगळं संपवलं मी, सॉरी हं!"

कुलूप जसंच्या तसं होतं. पानावर नुसती फांदी. टोक करवतीने कापलेलं. वहीच्या शिवणीत भुसा.

ओला.

आज बुधवार. गिरिजा आरशासमोर ओठाची कडा घासते आहे.

"हे जात का नाही रे?"

तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

"उद्या डॉक्टरांना दाखवू," मी म्हणालो.