बोडीवरून आलेली ओ

हे मी देवघरात बसून लिहितेय. समोर दिवा आहे. दिव्यासमोर खोटं लिहायची माझी हिंमत नाही, एवढंच समजून घ्या.

मागच्या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, कार्तिक चालू होता. लाखांदूरहून साकोलीकडे येणारा रस्ता. सूर्य मावळायची वेळ.

आम्ही चौघं होतो. मी, माझे यजमान भूपेंद्र, सासूबाई कुंताबाई आणि आमची एकुलती एक रुचिका, दहा वर्षांची. नवी गाडी घेतली म्हणून महाराष्ट्र बघायला निघालो होतो. शेगाव झालं, लोणार झालं, वेरूळ झालं. परतताना चंद्रपूरला महाकालीचं दर्शन घेतलं. आता एकोडीचं घर जवळ आलं होतं.

आमच्या सासूबाईंची एक रीत आहे. विसाव्याची जागा सोडताना त्या प्रत्येकाचं नाव घेऊन हाक मारतात. ज्याचं नाव घेतलं त्याने 'आलो', 'आली' म्हणायचं. म्हणजे माणूस पुरता निघतो. त्याचं काही मागे राहत नाही.

रुचिका कधीच 'आली' म्हणायची नाही. ती 'हाव' म्हणायची, म्हणजे आमच्याकडचं 'हो'. मुद्दाम.

वेरूळला लेण्यांबाहेर सासूबाई तिला म्हणाल्या, "आली म्हनावं बेटा. हाव म्हनून कोनी येते का?"

"हाव आजी."

"पाहा. पुन्हा हाव."

खूप हसलो होतो आम्ही त्या दिवशी.

माझा एक रोजचा नेम आहे. सूर्यास्ताला दिवा लावायचा, जपाची माळ घ्यायची आणि माळा पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही. प्रवासातही तो मोडला नव्हता. म्हणून त्या संध्याकाळी यजमानांनी गाडी एका बोडीजवळ थांबवली. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं.

मातीची पाळ. पलीकडे कापलेलं धान. आसपास एकही घर नाही.

मी पाळीवर पणती ठेवली, वात पेटवली आणि डोळे मिटले. रुचिका पाण्यात खडे टाकत होती.

डुब...

डुब...

मग आवाज थांबला. किड्यांची किरकिरही थांबली.

मी डोळे उघडले. रुचिका अगदी पाण्याच्या कडेला उभी होती. पाण्यात कोणाकडे तरी बघावं, तशी. मी उठणार, तेवढ्यात ती वळली आणि माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसली.

"बाकीचा जप गाडीत करजो," यजमान म्हणाले. "अंधार पडून राह्यला."

पणती पाळीवरच ठेवून मी रुचिकाशेजारी येऊन बसले. चंद्रपूरपासून सासूबाईंचा घसा बसला होता. म्हणून यजमानांनी गाडीबाहेर उभं राहून त्यांची नक्कल सुरू केली.

"आज मायच्या जागी मी. कुंताबाई..."

"आली," सासूबाई कशाबशा म्हणाल्या.

"अन आमच्या मौनीबाई..."

मी माळेचा हात वर केला.

"अन आनखी कोनी राह्यलं असन तं तेही चाला. गाडीत जागा आहे."

रुचिकाचं नाव त्यांनी घेतलंच नाही. ती समोर बसलेली दिसत होती ना.

आणि मागून... पाळीवरून...

"आली."

लहान मुलीचा आवाज.

"वा, आज आली म्हनली पोरगी," यजमान हसले आणि गाडी सुरू केली.

रुचिकाचे ओठ मिटलेले होते. मी बघत होते.

सासूबाईंनी माझं मनगट गच्च धरलं. त्यांना आवाज नव्हता. माझ्या हातात माळ होती. माळा संपल्या तेव्हा साकोली आलं होतं.

घरी आल्यावर रुचिका आजारी पडली असं म्हणता येत नाही. ताप नव्हता. वाढलं तर जेवायची. झोप म्हटलं की झोपायची. पण स्वतःहून एक शब्द नाही. यजमानांनी मोबाईलवर वेरूळचे फोटो दाखवले. ती बघत राहिली आणि म्हणाली, "हे कोन आहे?"

फोटोत तीच होती.

डॉक्टर म्हणाले, प्रवासाचा थकवा आहे.

मला रडू येत नव्हतं. स्वयंपाक करायची, पूजा करायची, तिची वेणी घालायची. हात आपोआप चालायचे. केस तेच होते. वास वेगळा होता... ओल्या मातीचा.

सासूबाईंचा घसा सुटला, तेव्हा पहिलं वाक्य त्या हेच बोलल्या. "भूपेंद्र, तू तिचं नावच नाही घेतलं."

"पोरगी तं घरीच आहे ना माय."

"अंग घरी आहे. तिले कोनं बलावलं?"

यजमानांनी किल्ली घेतली आणि गाडी काढली.

आम्ही चौघंही त्याच मावळतीच्या वेळेला बोडीवर पोचलो. रुचिका गाडीतच बसून राहिली. मी पाळीवर गेले. माझी पणती तिथेच होती. तेल काठोकाठ भरलेलं...

वात कोरी. कधी पेटलीच नसावी, तशी.

मी माझ्या हातांनी पेटवली होती.

सूर्य बुडाला. त्या दिवशी मी माळ घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदा नेम मोडला आणि मोठ्याने हाक मारली. "रुचिका, चाल बेटा घरी."

काही नाही.

पुन्हा मारली. काही नाही.

तिसऱ्यांदा आवाज चिरकला माझा.

आणि पाण्याच्या पलीकडून... अगदी लांबून...

"हाव."

त्याच क्षणी मागून, गाडीतून...

"आली."

दोन्ही आवाज माझ्या लेकीचे होते.

सासूबाई माझ्याजवळ आल्या. "चाल बाई. बलावलं, आता मांगं पाहू नोको."

मी नाही पाहिलं.

आता एक वर्ष झालं. रुचिका शाळेत जाते. बोलते, हसते. नातेवाईक म्हणतात, पोरगी किती शहाणी झाली. हाक मारली की लगेच ओ देते.

"आली."

एकदाही 'हाव' म्हणालेली नाही. सासूबाईंनी हाक मारायची रीत सोडून दिली आहे. का, ते आम्ही एकमेकींना विचारत नाही.

पण संध्याकाळी मी मौनात असते, रुचिका माझ्यासमोर बसून अभ्यास करत असते, आणि कधी कधी अंगणाच्या फाटकाबाहेरून...

"हाव."

कोणीच हाक मारलेली नसते.

रुचिका वहीतून मान वर करत नाही.

मी आता प्रसादाच्या दोन वाट्या करते. एक रुचिकाच्या हातात देते. दुसरी फाटकाबाहेर ठेवते. यजमान ते बघतात आणि आत निघून जातात.

घरात कोणती आहे आणि बाहेर कोणती, हे मी अजून देवालाही विचारलेलं नाही.