दहापैकी एक

माझी स्कूटर डावीकडे ओढते हे मला चार वर्षांपासून माहीत होतं. राजदीपला ते चार सेकंदांत कळलं.

भिलाईत पावर हाउसच्या बाजारात संत्र्यांच्या गाडीला वळसा घालताना मी थेट त्याच्या पायावर जाणार होते. तो पटकन बाजूला झाला, हँडल धरलं आणि माझ्याऐवजी चाकाकडे बघत म्हणाला, "ही डावीकडे ओढून राहिली का हो?"

"नाही. मलेच तुमच्या अंगावर यायचं होतं." जीभ माझी ही अशी. बोलून झाल्यावर मग कान गरम होतात.

तो हसला आणि मी ओळखलं. आमच्या कोहक्याच्या चौकात ज्याचा फ्लेक्स लागला होता तो हा! लढाईत विमान घेऊन गेलेला आणि परत आलेला आमच्या भिलाईचा फायटर पायलट. फ्लेक्सवर उन्हानं त्याचा रंग पार उडाला होता. प्रत्यक्षात मात्र... असो.

"एक चक्कर मारून पाहू?" त्यानं विचारलं. मी किल्ली दिली. का दिली, देव जाणे. तो स्टेशनच्या वळणापर्यंत जाऊन आला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सात."

"दहापैकी?"

"हो."

जुन्यापुराण्या स्कूटरला सात! म्हणजे फर्स्ट क्लास की! मी घरी पोहोचेपर्यंत गुणगुणत होते.

चार दिवसांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवात त्याची आई अंजनाबाई माझ्या आईच्या कानाशी लागली आणि दुसऱ्याच दिवशी राजदीप आमच्या घरी चहाला हजर. अंजनाबाईंचं म्हणणं सरळ होतं. मुलगा पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आहे, रविवारी बंगळुरूला परत जाईल, दोघांनी बोलून घ्यावं आणि तोवर उन्नतीनं हो की नाही ते सांगावं. उन्नती म्हणजे मी.

माझी आई, बेबीताई, सांबारवडीसाठी, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीसाठी, अख्ख्या कोहक्यात नावाजलेली. तिनं वड्या पुढे केल्या, आल्याचा चहा दिला आणि मोठ्या आशेनं विचारलं, "कशा झाल्या, बाबू?"

"दोन!" तो मनापासून म्हणाला. "काकू, दहापैकी दोन!"

आईचा चेहरा पडला. आणि हा माणूस वड्या खातच राहिला. एक, दोन... पाच! दोन गुण द्यायचे आणि पाच वड्या खायच्या, हा कुठला न्याय?

"लाजून राहिला असन तो," तो गेल्यावर मी म्हणाले.

"लाजत नाही तो. माजला आहे," आई म्हणाली. तिचा खरा राग वेगळाच होता. "लढाईतून जिवंत आला, देवाची कृपा. मंग आता नवीन-नवीन विमानं तपासायले काहून जाते? ज्याचं काही माहीत नाही त्यात बसते. तुले असा नवरा पाहिजे का?"

मला तेच तर कळत नव्हतं. तो समोर असला की हो वाटायचं, स्कूटर घराकडे वळली की नाही वाटायचं. त्यात त्याचे ते आकडे! जामुलच्या रस्त्यावर माझी हाडं खिळखिळी झाली, हा म्हणाला, आठ. हॉटेलातला समोसा त्यानं अर्धा टाकून दिला, त्याला सहा. आणि मी लाजत-लाजत त्याला माझ्या हातची संत्र्याची बर्फी दिली, तिला तीन. समोशाच्याही खाली!

शुक्रवारी आम्ही मैत्री बागेत तळ्याकाठी बसलो होतो. अवकाळी भुरभुर पाऊस येऊन गेला होता, बाकाचा एकच कोपरा कोरडा होता. त्यामुळे जवळ बसणं भागच होतं... त्यात माझा काही दोष नाही.

"एक विचारू?" मी म्हणाले. "फायटर सोडून हे काम काहून घेतलं?"

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "लढाईतून परत येताना माझ्या विमानाच्या पंखाले मार लागला होता. डावीकडं ओढत होतं. तुमच्या स्कूटरसारखंच. उतरताना वेग कमी करावाच लागते, पण किती? आमच्या पुस्तकात एक ओळ होती. पंख असा खराब असला त या आकड्याच्या खाली वेग नेऊ नका. मी नाही नेला. अन् उतरलो."

"मंग?"

"ती ओळ कोण्या टेस्ट पायलटनं लिहिली असन. कधीतरी तो खराब विमानात बसला, अन् जे झालं ते खरं-खरं लिहिलं. मी त्याले ओळखत नाही. पण त्याच्यामुळं इथं बसलो आहे." तो माझ्याकडे वळला. "म्हणून. कोणासाठी तरी अशी ओळ लिहायची आहे."

मी स्टील प्लांटमध्ये रेल्वेचे रूळ तपासते. आत बारीक चीर सापडली की लाल पट्टा मारते. त्या रुळांवरून कोण जाणार, मला कधीच कळत नाही. हे मी त्याला सांगितलं आणि त्यानं माझा हात हातात घेतला. मी काढला नाही.

"उन्नती," तो पहिल्यांदाच 'तू'वर आला, "तुझ्यासोबतचे हे दिवस... तुले सांगू? एक."

"एक?"

"पूर्ण एक."

मी हात काढून घेतला. आईच्या वडीला दोन, समोशाला सहा आणि मला एक! पर्स उचलली आणि चालू लागले. मागून त्याचा गोंधळलेला आवाज आला, "अगं, झालं काय? मी आजवर कोणाले एक नाही दिला!"

तेच तर! रडू आवरत मी घर गाठलं आणि आईला सांगितलं, "नाही म्हणून कळव." आईनं फोन उचलला, मग खाली ठेवला. म्हणाली, "रविवारी सकाळी कळवू. तोवर जेव."

शनिवारी फाटकाशी स्कूटर इतकी ओढली की मी पडता-पडता वाचले. लहानू मिस्त्रीकडे नेली. त्यानं पुढचं चाक हलवलं आणि कपाळाला हात लावला. "दीदी, इसका फोर्क टेढ़ा है. आज तक गिरी कैसे नहीं?"

"अरे, इसको दस में सात मिला है!"

"किसने दिया?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. वाकडी स्कूटर, सात. हाडं मोडणारा रस्ता, आठ. टाकून दिलेला समोसा, सहा. बर्फी, जिचा डबा चाटूनपुसून परत आला, तीन. पाच वड्या, दोन. मी, उन्नती, दिवसभर रुळांत दोष शोधणारी... आणि ही साधी गोष्ट दिसली नाही!

रविवारी सकाळी त्याच्या घरासमोर ऑटो उभा होता आणि तो बॅग ठेवत होता. मी धापा टाकत पोहोचले.

"तुमच्या त्या आकड्यांत दहा म्हणजे काय?"

तो दचकला. "दहा? विमान हातातून गेलं. ऐकतच नाही."

"अन् एक?"

"एक म्हणजे..." तो थांबला, आणि मग त्याच्या डोळ्यांत उजेड पडला. "एक म्हणजे काही करावंच लागत नाही. हात हलका ठेवायचा, बस. बाई, तुले वाटलं..."

"हो! मले वाटलं! अन् आईले बी वाटलं! आधी सांगायले काय झालं होतं?"

"आमच्याकडं पायलटांत सगळ्यांले माहीत असते."

"कोहक्यात नसते!" मी श्वास घेतला. "आता माझ्याकडून तुमचा आकडा ऐका. चार. तुमाले नीट सांगता येत नाही, सुधारणा पाहिजे. पण... माझं हो आहे."

बॅग त्याच्या हातातून पडली. दारात अंजनाबाई डोळे पुसत होत्या.

"एक अट," मी म्हणाले. "प्रत्येक उड्डाणानंतर फोन करायचा अन् आकडा सांगायचा. खरा. माझं मन राखायले म्हणून खोटा एक सांगितला त लग्न मोडलं समजा."

"खराच सांगन," तो म्हणाला.

साखरपुडा झाला. आई आता सगळ्यांना सांगते की तिच्या वड्यांना दोन मिळाले, आणि लोक बिचारे तिची समजूत घालतात. रोज दुपारी फोन येतो. तीन. दोन. कधी चार.

एप्रिलमध्ये एकदा फोन तासभर आला नाही. मी स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभी होते. वाजला.

"सात," तो म्हणाला.

मी खालीच बसले. फरशी गार होती. "डावीकडं?"

"हो. पण उतरवलं. लिहून ठेवलं सगळं, आता पुढच्याले माहीत राहीन." मग हळूच, "उन्नती, बोलत राहा ना."

मी बोलत राहिले. लहानूनं फोर्क बदलला, स्कूटर आता सरळ जाते, आई मुद्दाम चहात आणखी आलं घालते... काय वाटेल ते. खूप भीती वाटत होती, पण मन एकदाही डळमळलं नाही. हळूहळू त्याचा श्वास शांत झाला.

"आता किती?" मी विचारलं.

"दोन."

"एक काहून नाही?"

"तू इथं नाहीस ना," तो म्हणाला.